गुड्डीचं वय

साकोलीच्या बसस्टँडसमोर कामिनी आणि तिचा नवरा भुपेंद्र यांचा फोटो स्टुडिओ आहे. भुपेंद्र लग्नांचे फोटो काढतो, कामिनी ते कॉम्प्युटरवर सजवते. सावळ्या नवरीला उजळ करायचं, मंडपामागची गोठ्याची भिंत पुसून तिथे बर्फाचे डोंगर लावायचे, रुसून लग्नाला न आलेल्या मामाला आहेराच्या रांगेत उभं करायचं. यात आपण खोटं काही करतो असं तिला कधी वाटलं नाही. लोकांना हवं ते करून द्यायचं, एवढंच.

कुंताबाईचं काम मात्र ती बाकी सगळं बाजूला ठेवून करायची.

कुंताबाई जवळच्याच गावची, धानाची शेती करणारी. चौदा वर्षांपूर्वी रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या दिवसांत तिची सात वर्षांची गुड्डी शिदोरी घेऊन शेताकडे निघाली, ती पोचलीच नाही. पोलिसांत जाऊन झालं, तलावात गळ टाकून झाले. मागे उरला तो शाळेच्या दाखल्यावरचा फोटो. गुड्डी बारा वर्षांची झाली असती त्या साली कुंताबाई तो घेऊन आली आणि पोरीला बारा वर्षांची करून मागितली. कुठे दिसली तर ओळखू आली पाहिजे, म्हणाली. तेव्हापासून दरसाल रोवणी आटोपली की ती यायची आणि कामिनी गुड्डीला एका वर्षानं वाढवायची. आईच्या तरुणपणच्या फोटोवरून हनुवटी घ्यायची, गालांवरचं बाळसं थोडं उतरवायचं.

सतराव्या वर्षी भुवईवर एक व्रण आला. कामिनीने तो काढला नव्हता. स्कॅनरच्या काचेवर कचरा असेल म्हणून तिने तो पुसला, तर प्रिंटमध्ये पुन्हा होताच. कुंताबाईने त्यावरून बोट फिरवलं. पडली असेल कुठे, म्हणाली.

एकोणिसाव्या वर्षी भांगात शेंदूर आणि खांद्यावर साडीचा पदर होता. भुपेंद्रने चेष्टा केली असेल असं कामिनीला वाटलं, पण त्याने आईची शपथ घेतली. कुंताबाईने फोटो उन्हात धरून नीट पाहिला.

"छत्तीसगडाकडं लगन करून देली वाटते, तिकडं असा शेंदूर भरतेत," ती म्हणाली, आणि त्या दिवशी स्टुडिओत पेढे वाटून गेली.

यंदा एकविसावं. कामिनीने डोळ्यांखाली किंचित सावली भरली, जबडा रुंद केला, सेव्ह केलं. फाइल उघडली तर चेहरा गेल्या सालचा. तिने पुन्हा केलं. दुसऱ्या नावाने केलं. भुपेंद्रच्या लॅपटॉपवर केलं. बाकीचे फोटो व्यवस्थित सेव्ह होत होते. गुड्डी मात्र वीस वर्षांचीच राहिली.

जुनाच देऊन टाक, एका वर्षात असा काय फरक दिसतो, असं भुपेंद्र म्हणाला. मग तो बराच वेळ स्क्रीनकडे बघत बसला.

"माणसाचं वय कवा थांबते, कामिनी?"

तिने फाइल बंद केली.

कुंताबाई दुपारच्या बसने आली. कामिनीने तिला पाणी दिलं आणि काही लपवलं नाही.

"मावशी, यंदा ते मोठी होऊनच नाही राहिली. लय करून पाह्यलं."

कुंताबाईने पेला खाली ठेवला.

"छापा तरी," ती म्हणाली.

प्रिंटरमधून कागद हळूहळू बाहेर आला. शेंदूर. व्रण. तोच चेहरा.

मग खांदा.

खांद्यावरच्या पदराला चार बोटं धरून होती. मुगाच्या शेंगांएवढी. बाकीचं लेकरू फोटोच्या कडेबाहेर होतं.

कामिनीचा हात कागदाकडे गेलाच नाही. कुंताबाईनेच तो उचलला. आधी तिने पोरीच्या गालाला हात लावला, आणि तिचे डोळे भरून वाहू लागले. मग तिने त्या बोटांकडे पाहिलं. पदराने तोंड पुसलं.

"पुढच्या सालापासून हिले असीच राहू द्या," ती म्हणाली. "याले मोठं करत जा."

ती गेल्यावर कामिनीने फाइल पुन्हा उघडली. स्क्रीनवर बोटं नव्हती. फक्त खांद्यापाशी पदराला चुण्या पडल्या होत्या, आणि तो खाली ओढला गेलेला होता.