आतून घासलेली किटली

दोन हजार सहाचा जानेवारी. जर्मनीतल्या येना शहरात चारलाच अंधारलं होतं. उल्हासराव दामले पिशवीतून बिडाची जपानी किटली घेऊन चहाच्या भांड्यांच्या दुकानात शिरले. आयुष्यभर भिंगांवर संशोधन केलेला हा माणूस शाळकरी पोरासारखा अवघडून उभा राहिला.

दुकानाच्या मालकीणबाई फ्राऊ लेंट्स यांनी झाकण उचलून आत पाहिलं. "हे कोणी केलं?"

"मीच. बायकोचं वर्षश्राद्ध होतं. सगळी भांडी घासली... चिंच लावून."

"अहो डॉक्टर! आतला पांढरा थर म्हणजे मळ नव्हे. तोच जपायचा असतो. ही घेताना तुमच्या पत्नीनं सात किटल्यांत पाणी उकळायला लावलं होतं. गाणारीच हवी म्हणाल्या."

किटली गायची. पाणी तापलं की बारीक गुणगुण सुरू व्हायची आणि नंदिनी तिच्या सुरात सूर मिसळायची. नंदिनी गेल्यावर वर्षभर उल्हासरावांनी त्या आवाजावरच दिवस काढले होते. घासल्यापासून किटली मुकी झाली होती.

"थर धरला की पुन्हा गाईल," मालकीणबाई म्हणाल्या. "रोज पाणी उकळा, ओतून टाका, झाकण काढून तिच्याच उष्णतेवर वाळू द्या. आत बोट लावू नका. पाणी राहिलं तर गंजेल."

तीन आठवडे त्यांनी हे नेमानं केलं. किटली गायली नाही. आपण तिला घालवली, हा विचार त्यांना झोपू देईना.

मग इंगोलश्टाटला ऋचाकडे, लेकीकडे, जाताना गाडीत बसल्यावर आठवलं, किटलीत पाणी तसंच राहिलं! तिथले दोन दिवस त्यांना घास गोड लागला नाही.

परतल्यावर बूट न काढताच ते स्वयंपाकघरात धावले. तापल्या लोखंडाचा वास येत होता. किटली कोरडी होती. झाकण शेजारी, घडी घातलेल्या फडक्यावर उलटं. नंदिनी ठेवायची तसंच. बीड अजून कोमट होतं. घराची किल्ली एकच होती, आणि ती त्यांच्या खिशात होती.

"अगं..." ते पुटपुटले.

फोन वाजला.

"बाबा, पोचलात ना? आणि आल्या आल्या किटली चढवलीत वाटतं. गातेय की!"

उल्हासरावांनी शेगडीकडे पाहिलं. ती बंद होती. त्यांनी श्वास रोखून कान दिला. काहीच नाही.

"ऋचा... मला नाही गं ऐकू येत."

"काय बाबा! इतकं स्पष्ट... थांबा. ही किटली नाही. ही तर आई..."

त्यांनी रिसीव्हर किटलीकडे धरला आणि पुन्हा कानाला लावला. "अजून येतोय?"

"हो..." ऋचाचा आवाज एकदम खाली आला. "बाबा, किटली हातात घेऊन चालताय का तुम्ही?"

"नाही. का?"

"आवाज जवळ येतोय."

किटली शेगडीवर जागच्या जागी होती. उल्हासराव डोळे मिटून, जिवाचा कान करून ऐकत राहिले.