‘बॉरो’चं कार्ड

सकाळी अकराला प्रकाशकाचा फोन आला.

“मास्तरांच्या घरी ये. आत्ताच्या आत्ता. चोरी झालीय!”

“काय गेलं?”

“तीन कार्डं.”

“मग पोलिसांना बोलवा. मी मुद्रितशोधक आहे.”

“त्यांना काय सांगू? इंग्रजी शब्द चोरीला गेले म्हणून?”

छापखान्यात या मुद्रितशोधकाला सगळे चिमटा म्हणत. दुसऱ्यांच्या चुका चिमटीत धरून उजेडात आणायच्या, हाच त्याचा धंदा. माणसं वाचत नाहीत, नुसती पानं उलटतात, असं त्याचं ठाम मत होतं, आणि प्रकाशकाशी वीस वर्षं संबंध आल्यावर ते मत बदलण्याचं काही कारणही नव्हतं.

मास्तर दोन महिन्यांपूर्वी गेले. लोक ज्या इंग्रजी शब्दांना एकाच माळेचे मणी समजतात त्यांच्यातला फरक सांगणाऱ्या सहाशे जोड्या त्यांनी तीस वर्षं खपून जमवल्या होत्या. कार्डांवर, स्वतःच्या अक्षरात. ते जाताच त्यांचे जुने विद्यार्थी, हल्लीचे प्राचार्य, उगवले आणि निम्मं पुस्तक आपलं असल्याचं म्हणाले. प्रकाशकाने लगेच मुखपृष्ठावर दुसरं नाव घातलं. प्राचार्य म्हटलं की हा माणूस उभ्या उभ्या वितळतो.

मास्तरांच्या खोलीत एक लाकडी कपाट होतं, त्याला सव्वीस खण. टायपिस्टबाई खिडकीशी उभी होती. अकरा वर्षं मास्तरांची कार्डं तीच लावायची. या आठवड्यात टायपिंगला बसली, ‘बी’च्या खणात ‘बॉरो’चं कार्ड दिसेना, म्हणून तिने यादी ताडून पाहिली. ‘हिअर’ आणि ‘लुक’चीही नव्हती. हे तिनेच प्रकाशकाला कळवलं आणि त्या प्रामाणिकपणाचं बक्षीस म्हणून चोर ठरली.

“कपाटाची किल्ली हिच्याकडे,” प्रकाशक म्हणाला. “कार्डं गाइडवाल्यांना विकली असणार. आजच काढून टाकतो. पुन्हा कुठल्या छापखान्यात उभी राहायची नाही.”

“तीनच विकली? तीही सुटी?” चिमट्याने विचारलं.

प्रकाशक कपाळ खाजवू लागला. विचार करत असावा, सवय नव्हती.

बाई म्हणाली, “माझं कोणी ऐकूनच घेत नाहीये, साहेब.”

“माझे कान रिकामे आहेत. कपाट बंद असतं?”

“दिवसा उघडंच असतं. गुरुवारी मी टपाल टाकायला गेले, तेव्हाही उघडंच होतं.”

“तेव्हा इथे कोण होतं?”

“प्राचार्य. प्रस्तावनेसाठी कार्डं बघायची होती त्यांना.”

मास्तरांच्या पत्नी दारात येऊन उभ्या राहिल्या. चिमट्याने विचारलं, “काकू, मास्तर उदाहरणं कुठून काढायचे?”

“कुठून कसली? त्यांना मेलं खोटं रचताच यायचं नाही. दिवसभरात घडेल ते लिहायचे. आणि ज्याच्यावर लिहिलं त्याला तोंडावर वाचून दाखवायचे. ‘स्पीक’च्या कार्डावर स्वतः भाषण देतायत, ‘टॉक’च्या कार्डावर माझी बडबड! दूधवाल्याने तर आठवडाभर दूध टाकलं नव्हतं.”

चिमटा पहिल्यांदाच हसला. “प्राचार्यांना बोलवा.”

प्राचार्य आले ते खुर्ची शोधत. जोड्या तोंडी आपण सांगत होतो, मास्तर फक्त उतरवून घेत, असं त्यांनी न विचारताच सांगितलं. चोरीला गेलेल्या शब्दांमागे काहीतरी गूढ सूत्र आहे, हेही सांगितलं. शब्दांच्या उगमावर पाच मिनिटं घेतली. प्रकाशक भक्तिभावाने मान डोलावत होता.

“तुमची किती कार्डं?” चिमट्याने मध्येच तोडलं.

“निम्मी. सहाशे जोड्या, त्यातल्या तीनशे माझ्या. म्हणजे तीनशे कार्डं.”

“नक्की?”

“मला गणित शिकवू नका.”

“बाई, कपाटात कार्डं किती आहेत?”

“अकराशे सत्त्याण्णव.”

प्राचार्यांचा चेहरा उतरला. प्रकाशकाचा जसा होता तसाच राहिला. त्याला काहीच कळलं नव्हतं.

“मास्तर प्रत्येक शब्दाला वेगळं कार्ड करत,” चिमटा म्हणाला. “सहाशे जोड्या, बाराशे कार्डं. काकूंनी आत्ताच सांगितलं, ‘स्पीक’ वेगळं, ‘टॉक’ वेगळं. निम्मं पुस्तक सांगणाऱ्याला हे ठाऊक नाही? बाई अकरा वर्षं ही कार्डं लावतेय. तिने चोरली असती तर दोन्ही नेली असती. चोराने पहिल्या शब्दाचं नेलं आणि जोडी संपली असं समजला. बाई, ‘लेंड’ काढा. ‘लिसन’ आणि ‘सी’ही.”

तिन्ही कार्डं जागच्या जागी होती. इंग्रजी वाक्याखाली मास्तरांनी मराठी अर्थ दिला होता. चिमट्याने वाचायला घेतलं.

“‘लेंड, म्हणजे परत मिळण्याच्या बोलीवर देणं. माझा जुना विद्यार्थी आता प्राचार्य झालाय. त्याने ही कार्डं गेल्या आठवड्यात प्रथमच पाहिली. मी त्याला एक खण आठवड्यासाठी दिला. मी बांधलेली दोरी तशीच परत आली.’ तारीख गेल्या वर्षीची.

“‘लिसन, म्हणजे मुद्दाम कान देणं. डॉक्टर माझ्याबद्दल काय म्हणाले, एवढंच तो कान देऊन ऐकतो.’

“‘सी, म्हणजे दिसणं. त्याला मुखपृष्ठावर स्वतःचं नाव दिसतं. मला दिसत नाही.’”

काकूंनी डोळ्यांना पदर लावला.

“या तिन्ही जोड्या मास्तरांनी तुमच्यावर लिहून तुम्हाला तोंडावर वाचून दाखवल्या असणार, तसा त्यांचा रिवाजच होता,” चिमटा म्हणाला. “म्हणून नेमकी तीच तीन गेली. खण तेव्हाच उघडून वाचला असतात तर गुरुवारी सहा नेली असती. आळस नडला, प्राचार्य.”

“ती कार्डं मी… वाचायला नेली होती,” प्राचार्य पुटपुटले. “फाटली चुकून.”

“तिन्ही?”

चिमट्याने खिशातून मुखपृष्ठाचं प्रूफ काढलं आणि दुसऱ्या नावावर लाल शाईची आडवी रेघ मारली. प्रकाशक बाईकडे वळून म्हणाला, “गैरसमज झाला, विसरून जा.” त्याच्या मते ही माफी होती.

“विसरायचं नंतर बघू,” बाई म्हणाली. “तीन कार्डं कमी आहेत.”

तिने कोरं कार्ड घेतलं, उभ्या उभ्या लिहिलं आणि प्राचार्यांच्या समोर जाऊन, मास्तर वाचत तसं, तोंडावर वाचून दाखवलं.

“‘बॉरो, म्हणजे परत करायच्या बोलीवर मागून घेणं. प्राचार्यांनी आमच्या खणांतून तीन कार्डं नेली. याला बॉरो म्हणत नाहीत.’”

मग तिने कोपऱ्यात आजची तारीख घातली आणि ‘बी’चा खण उघडला.