सरकवलेली खाडी

डबा विसरला होता, म्हणून रविवारी भरदुपारी मी सीताबर्डीतल्या ऑफिसात गेले. नाहीतर सुट्टीच्या दिवशी भूपेश सरांचं तोंड बघायची हौस कुणाला?

हा माणूस स्वतःला खाड्यांचा तज्ज्ञ म्हणवतो. समुद्र पाहिलाय तो गोव्याच्या हॉटेलातून, तोही ग्लासाआडून. आमचं काम म्हणजे कोकणातल्या एका खाडीचा शंभर वर्षांपूर्वीचा नकाशा आजच्या उपग्रहचित्रावर बसवायचा. देऊळ, बुरूज, खडक, जे जागचं हललं नाही ते जुळवायचं, की कांदळवन कुठवर होतं ते कळतं. तिथे इमारती उठवू बघणाऱ्या बिल्डरच्या जागेवर ते होतं असं निघालं, तर बांधकाम बंद आणि उरलेली झाडं वाचणार. सरांनी काय करावं? देवळाची खूणच सरकवली. अख्खं कांदळवन भर समुद्रात! असल्या रिपोर्टवर मी सही करणार नाही, असं त्यांना तोंडावर सांगितलं होतं.

जिन्यातच वास आला. चिखलाचा, कुजक्या पानांचा, मिठाचा. बाहेर डांबर वितळत होतं आणि आत अंगावर गार ओल येत होती. सर खुर्चीवर पाय वर घेऊन बसले होते. टेबलाखाली चिखलात बुडबुडे फुटावेत तसा आवाज होत होता.

"सोनिका... लाइट लाव वं."

"लाइट तर लागूनच आहे, सर."

"मंग मले दिसून काहून नाही राहिलं? पाणी... चढून राहिलं..."

फरशी कोरडी ठणठणीत होती. सरांची पँट मात्र गुडघ्यापर्यंत चिखलाने माखलेली.

"ती खूण देवळावर परत ठेवा, सर."

"आता काय ठेवतं? रिपोर्ट कालच गेला." त्या अवस्थेतही त्यांनी दात काढले. "तुह्या नावानं बी गेला. सही मीच मारली तुही."

किळस आली मला. भीती नंतर. "मंग बसा पाण्यात," म्हटलं, डबा उचलला आणि खाली उतरले.

संध्याकाळी कुहीहून आईचा फोन आला. आमचं गाव ते, समुद्रापासून शेकडो कोस लांब; ती तिथे एकटीच राहते.

"सोनिका, आपल्या विहिरीचं पाणी खारट लागून राहिलं वं."

"उन्हाळा आहे, आई."

"उन्हाळ्यात पाणी आटते. हे तर कालपासून दोनदा चढलं, दोनदा उतरलं..." तिच्या मागे बुडबुडे फुटल्याचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला. "आता अजून चढून राहिलं. काठाले लागलं बघ."