मुदतीचा शेवटचा दिवस

“हात लावू नको आईला! त्या ऑइलच्या हातांनी तर मुळीच न्हाई!”

अतुलचा आवाज अंगण चिरत गेला आणि टाकवे बुद्रुकच्या त्या छोट्याशा घरापुढं जमलेल्या बायामाणसांचं रडणं क्षणभर थांबलं. ओट्यावर पांढऱ्या वस्त्राखाली विठाबाई निजली होती, उशाशी मेणबत्ती तेवत होती... आणि तिचा थोरला लेक गोरख, धापा टाकत, गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेला, आईच्या पायांकडं नेलेले दोन्ही हात तसेच अधांतरी धरून उभा राहिला होता. त्या हातांना काळं ऑइल होतं, हे खरंच होतं. ते पुसायचं भानही त्याला राहिलं नव्हतं.

“आई तिकडं तळेगावच्या दवाखान्यात एकटी तडफडत होती, आन् हा गेला शोरूमला! गाडीची वॉरंटी संभाळाय!” अतुल छाती पिटत ओरडला. “आईपरीस गाडी मोठी झाली व्हय रे तुला, दादा? शेवटच्या घडीला तिच्याजवळ एक माणूस न्हवतं... एक माणूस!”

गोरखच्या ओठांवर शब्द आले. एकच वाक्य पुरलं असतं! ‘अतुल, आज गाडी तू न्यायची होतीस.’ पण त्यानं मान वर केली आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी असलेली चैताली त्याला दिसली, अतुलची बायको, दिवस भरत आलेली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. सारं काही तिला ठाऊक होतं. ती आता बोलणार, एवढ्या लोकांदेखत बोलणार, हे तिच्या थरथरत्या ओठांवरून त्याला कळलं... आणि गोरखनं तिच्याकडं पाहत हळूच, कोणाला कळू न देता, मान हलवली. नको.

चैतालीनं पदराचा बोळा तोंडात कोंबला आणि ती मटकन खाली बसली.

गोरखला खांदा देऊ दिला नाही. चुलती चिमाबाई मध्ये पडली, “आरं, थोरला हाय तो, आसं करू न्हाई,” म्हणाली. पण अतुल काही ऐकण्याच्या पलीकडं गेला होता, आणि भावकीतली माणसंही गोरखकडं तशाच नजरेनं बघत होती. त्यानं वाद घातला नाही. आईच्या मागून, सगळ्यांच्या मागून, तो इंद्रायणीच्या काठापर्यंत चालत गेला.

बाप गेला तेव्हा गोरखला मिसरूडही फुटलं नव्हतं. बापाचीही एक मालाची गाडी होती, जुनी, कुणाची तरी वापरलेली. खंडाळ्याच्या घाटात तिचं इंजिन जाम झालं आणि त्या दिवसापासून बापाचंही काहीतरी जाम झालं. गाडी दारात गंजत राहिली, बाप तिच्या सावलीत बसून दारू पीत राहिला, आणि एका उन्हाळ्यात तिथंच संपला. “इंजिनानं तुज्या बापाला खाल्लं,” विठाबाई म्हणायची. गोरखनं शाळा सोडली, दुसऱ्यांच्या गाड्यांवर किन्नर, म्हणजे क्लीनर म्हणून फडकं मारलं, मग स्टिअरिंग हाती घेतलं. अतुलला शिकवलं, त्याचं लग्न केलं, आणि या सगळ्यात स्वतःचं लग्न करायचं राहूनच गेलं.

म्हणून जेव्हा दोघा भावांनी मिळून नवी कोरी गाडी दारात उभी केली, तेव्हा विठाबाईनं बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीपुढं मेणबत्ती लावली आणि शोरूमच्या माणसानं सांगितलेली एकच गोष्ट मनात पक्की धरून ठेवली. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागच्या आसाचं हाउसिंग, यांतलं काहीही गेलं तर पुढची कितीतरी वर्षं कंपनी फुकट करून देणार. अट एवढीच, की ठरल्या मुदतीत दर वेळी गाडी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला तपासणीला गेली पाहिजे. एकदा जरी मुदत चुकली, की वॉरंटी संपली! त्या अडाणी माउलीला कंपनीचं नाव नीट उच्चारता येत नव्हतं, पण भाकरी थापता थापता ती विचारायची, “गोरख, गाडीच्या तपासणीचा दिस आला का रं?”

अतुलला ही कटकट वाटायची. तपासणी म्हणजे एक दिवस बुडाला, एक खेप गेली. “कामशेतचा फिटर तासाभरात ऑइल बदलून देतो. कशाला शोरूमची हांजी हांजी करायची?” तो म्हणायचा. गोरख ऐकून घ्यायचा आणि गाडी शोरूमला न्यायचा.

त्या पावसाळ्यात मात्र विठाबाईला दम्यानं धरलं. तळेगावच्या दवाखान्यात तिला ठेवलं आणि गोरख तिच्या उशाशी बसला. तपासणीचं काम आपसूकच अतुलकडं आलं. ‘उद्या नेतो... परवा नेतो...’ असं करत त्यानं मुदत शेवटच्या दिवसावर आणून ठेवली. “दादा, सकाळीच नेतो, तू आईकडं बघ,” असं त्यानं फोनवर छातीठोकपणे सांगितलं, आणि गोरख निर्धास्त झाला.

दुपारी चैतालीचा फोन आला. “दादा... गाडी दारातच हाय ओ. ह्यांचे मित्र आले पुण्यावरनं, त्यांच्यासंगं भुशी धरणाला गेलेत. फोन बंद येतोय.”

गोरखनं फोन कानापासून दूर केला तोवर विठाबाईनं सारं ऐकलं होतं. तिला बरं वाटत होतं त्या दिवशी; सकाळी तिनं पेज घेतली होती, डॉक्टरांनीही धीर दिला होता. “तू जा,” ती म्हणाली. “मला काय धाड भरलीय? गाडी लावून ये.” तो घुटमळला, तर तिनं त्याला आपल्या गळ्याची आण घातली. गोरख एसटीनं कान्हे फाट्याला उतरला, पळत टाकव्याला आला, गाडी काढली आणि सर्व्हिस सेंटरच्या फाटकातून आत शिरला तेव्हा कुठं त्याच्या जिवात जीव आला.

गाडी तपासणीच्या खड्ड्यावर चढली होती, खाली पोरांनी गिअरबॉक्सचं ऑइल सोडलं होतं, एक हात लावायला म्हणून तोही खाली उतरला होता... आणि फोन वाजला. दवाखान्यातून.

बाहेर मुसळधार कोसळत होतं. कुणाच्या तरी मोटरसायकलच्या मागं बसून तो पोचला तेव्हा खाट रिकामी होती. फोन चालू होताच अतुल भुशीहून येऊन, आईला घेऊन, गेलादेखील होता.

जलदानविधी झाला. बौद्धाचार्यांनी त्रिशरण पंचशील म्हटलं, माणसं पांगली, आणि गोरखनं गाडीची किल्ली आईच्या फोटोपुढं ठेवली. एका छपराखाली राहून अतुलची ती जळती नजर रोज सोसायची, आणि एखाद्या बेसावध क्षणी खरं बोलून बसायचं, याचं त्याला भय वाटत होतं. दादा आपणहून शोरूमला गेला, असंच अतुल धरून चालला होता; चैतालीचा फोन आणि आईनं घातलेली आण त्याला ठाऊक नव्हती. अतुल हळवा होता. आपण मित्रांबरोबर पाण्यात नाचत होतो आणि म्हणून आई एकटी गेली, हे जर त्याला कळलं असतं, तर त्यालाही बापासारखंच गाडीच्या सावलीत बसायला वेळ लागला नसता. ‘त्याचा राग माझ्यावर हाय तोवर तो उभा हाय,’ गोरख मनाशी म्हणाला, आणि एक पिशवी घेऊन घराबाहेर पडला.

लोणावळ्यात भुशीच्या रस्त्यालाच एका बंगल्यावर त्याला राखणदाराचं काम मिळालं. नियतीची केवढी ही क्रूर थट्टा! शनिवार-रविवार गाड्यांची रांग लागायची, भिजलेली पोरं खिडकीतून अंग बाहेर काढून किंचाळत धरणाकडं जायची, आणि गोरख फाटकाशी स्टुलावर बसून त्या प्रत्येक हसऱ्या चेहऱ्यात आपल्या धाकट्याचा चेहरा बघायचा. कधी त्याला माया यायची. पुष्कळदा मात्र घशाशी कडू यायचं. कोणासाठी केलं हे सगळं? ज्यानं मला आईच्या मातीला हात लावू दिला नाही, त्याच्यासाठी?

तरीही तपासणीची मुदत जवळ आली, की तो चैतालीला फोन करायचाच. “पोरी, दिस भरत आलं. धाड त्याला.” आणि चैताली नवऱ्यामागं लकडा लावायची, अबोला धरायची, जेवायला बसायची नाही. शेवटी अतुल चरफडत गाडी शोरूमला न्यायचा. बायकोला ही अक्कल कुठून आली, हे त्यानं कधी विचारलं नाही.

पोरगी झाली. तिचं नाव यशोधरा ठेवलं. गोरखला ते फोनवर कळलं. “घरी या दादा, बघायला तरी या,” चैताली रडत म्हणाली. “मी सांगते ह्यांना सगळं. मला हे पेलवत न्हाई आता.”

“आईची आण हाय तुला,” गोरख म्हणाला.

पुढच्या पावसाळ्याच्या तोंडाशी, भरदुपारी, बंगल्याच्या फाटकापुढं एक रिक्षा थांबली. अतुल उतरला. दाढी वाढलेली, शर्टाला काळे डाग, आणि हात... हात ऑइलनं बरबटलेले. गोरख स्टुलावरून उठला. अतुल पुढं आला आणि काही कळायच्या आत त्याच्या पायांवर कोसळला.

“दादा! दादा, मला मार रे... चपलेनं मार!”

“ऊठ आधी. काय झालं? पोरगी बरी हाय न्हवं?”

हुंदके देत, अडखळत अतुलनं सांगितलं. घाटात, भरल्या गाडीचा गिअरबॉक्स फुटला होता. गाडी ओढून शोरूमला नेली. आता आपण संपलो, बापाचीच गत झाली, असं समजून तो तिथं डोकं धरून बसला होता. पण तिथले अमृत साहेब म्हणाले, ‘घाबरू नका, तुमची एकही तपासणी चुकलेली नाही, सगळं कंपनी करून देईल. त्या एका वेळी मात्र थोडक्यात वाचलात! मुदतीच्या शेवटच्या दिवशी तुमचे भाऊ आले होते. काम चालू असतानाच त्यांना दवाखान्यातून फोन आला. गाडी टाकून पावसात धावत सुटले बिचारे. जाताना माझा हात धरून म्हणाले, काम अर्धं सोडू नका साहेब, आईनं पाठवलंय मला. कशी आहे आता आई?’

“कशी हाय म्हणून इचारलं त्यांनी, दादा...” अतुलनं बाहीनं डोळे पुसले. “मी तसाच घरी गेलो. चैतालीला म्हणलं, आईनं कसं पाठवलं? ती आधी बोलंचना. मग सगळं बोलली. भुशीचं... तिच्या फोनचं... तू मान हलवली त्याचं. तपासणीला मला दर येळी कोण टोचत हुतं, त्याचं. दादा, तू का न्हाई बोललास? तितंच, समद्यांसमोर, माझ्या थोबाडीत का न्हाई मारलीस?”

“मारली असती तर तू जगला असतास व्हय?”

“मग मी काय जगलो? आन् तू काय जगलास?”

गोरखनं धाकट्याला उठवून स्टुलावर बसवलं, माठातलं पाणी दिलं, आणि स्वतः फाटकाच्या दगडावर टेकला.

“घरी चल,” अतुल म्हणाला. “तुझं घर हाय. गाडी तुझी हाय. पोरगी तुला बघंल तरी.”

“येईन,” गोरख म्हणाला. मग खाली मान घालून बोलला, “पन आज न्हाई. अतुल, तू माझ्या आईला मला खांदा देऊ दिला न्हाईस. ते आता कोन परत देनार? तू न्हाई देऊ शकत. तू रडलास तरी न्हाई.”

भुशीकडून येणाऱ्या गाड्यांचा आवाज येत होता. मग अतुल अगदी लहान पोरासारखा म्हणाला, “दादा... तू निघालास तवा आई काय म्हणाली? माझं नाव काढलं का तिनं?”

हा प्रश्न कधीतरी येणार, हे गोरखला माहीत होतं. त्याचं उत्तर त्यानं केव्हाच तयार करून ठेवलं होतं... ‘न्हाई रे, गाडीचंच बोलत हुती.’ साधं, सोपं उत्तर. धाकट्याला जगवणारं. त्यानं तोंड उघडलं, आणि ते उत्तर काही केल्या बाहेर येईना!

“तुझंच नाव घेत हुती,” तो म्हणाला. “मी उशाशी बसलो हुतो. रातभर पाय मी चेपलं, पेज मी पाजली. पन तिचं डोळं समदा वेळ दाराकडं. ‘अतुल आला का? अतुलला बोलव एकदा.’ मला म्हणाली, तू जा. मला, जा म्हणाली रे... आन् तुला, ये म्हणत हुती!”

आणि आई गेल्यापासून ज्याच्या डोळ्यांतून कुणासमोर टिपूस गळलं नव्हतं, तो गोरख तोंडावर हात घेऊन गदगदून रडू लागला. अतुल स्टुलावरून घसरून त्याच्याजवळ दगडावर आला. त्यानं फक्त आपला काळा, बरबटलेला हात थोरल्याच्या पाठीवर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

फाटकाबाहेर हॉर्न वाजला. बंगल्यावरचे पाहुणे आले होते. गोरख सवयीनं डोळे पुसत उठू लागला.

“बस तू,” अतुल त्याच्या खांद्यावर हात दाबत म्हणाला, “मी उघडतो.”

तो गेला. जड लोखंडी फाटक त्यानं दोन्ही हातांनी लोटलं, गाडी आत घेतली, आणि पाहुण्यांचं सामान उचलून पायऱ्यांकडं चालू लागला. गोरख मात्र त्याच्याकडं बघत दगडावरच बसून राहिला. घरी जायचं, की नाही... ते त्याला अजून ठरवता येत नव्हतं.