पान मिटताच काटा सोडायचा

"काटा सोडा ना, साहेब!"

विपुलशी माझं हे पहिलं बोलणं. तारापूरच्या किनाऱ्यावरच्या आमच्या सुक्या मासळीच्या संस्थेत कॉम्प्युटर दोन, वजनकाटा मात्र दोन्हींना मिळून एकच. काट्यावरचं वजन थेट कॉम्प्युटरवर नोंदवणारं पान बनवायला सालवडहून विपुलला आणला होता. एका कॉम्प्युटरवर मी, दुसऱ्यावर हंगामभर तोच बसायचा.

"सोडला की! पान कधीच बंद केलं."

"मंग हितं 'काटा वापरात आहे' का दिसतंय?"

तो उठून माझ्या पडद्याशी वाकला. बोंबलांच्या त्या घमघमाटातही मला त्याच्या साबणाचा वास आला... यातच काय ते समजा.

"पान मिटलं, पण काट्याला कुणी सांगितलंच नाही," तो म्हणाला. "थोडं थांबू. सुटेल आपोआप."

मग काय, दर वजनाला थांबणं आलं — आणि थांबलं की बोलणं.

"मला पोहायला शिकवशील?" तो विचारायचा.

"आधी काटा सोडायला शीक!"

बाहेर रांगेतून जमनामावशी ओरडायची, "आवरा गो! बोंबील दुसऱ्यांदा सुकलं!"

एका दुपारी त्याच रांगेत माझी आई चक्कर येऊन खाली बसली. तिला पाणी पाजून मी आत आले, तर विपुल खाली मान घालून काहीतरी टाइप करत होता. त्यानं पान बंद केलं. काटा लगेच मोकळा.

"एवढं सोपं हाय? कधीपासून ठावं व्हतं?"

"पहिल्या आठवड्यापासून," तो हळूच म्हणाला. "सुटला असता, तर तू माझ्याशी... बोलली असतीस?"

"इचारायचं व्हतंस! माझी आय उनात, आन् तू—"

मला राग आला होता. रागाखाली दुसरंही काही होतं, त्याचा तर जास्तच राग आला.

त्यानंतर काटा अडला नाही आणि आम्ही बोललोही नाही. त्याचं काम संपलं, तो गेला. दुपारी खोली इतकी शांत... की मलाच माझा कंटाळा आला.

एका रविवारी तो दारात उभा.

"काय बिघडलं?"

"काही नाही. तुला भेटायला आलो. आईंची माफी मागितली."

"काय म्हनली?"

"म्हणाल्या, तिला विचार."

मी बाहेर बघितलं. वाळू नुसती तापली होती.

"मंग रांगेत उभा ऱ्हा. उनात."

राहिला की! सगळ्या बायकांच्या मागे, रिकाम्या हातांनी. जमनामावशी हसून हसून लोळायची बाकी होती. रांग आता भराभर सरकत होती, तरी त्याचा नंबर येईपर्यंत माझ्याच्यानं दम धरवला नाही. छत्री उघडली आणि मी बाहेर गेले.