चोवीस-एकोणसत्तरची घंटी

मयुरीने खिडकीतून रुमाल आत टाकला आणि आतून कोणीतरी शिंकलं.

हिंगणघाटच्या स्टँडवर सकाळची वर्ध्याची गाडी लागली, की दाराशी रेटारेटी करण्यापेक्षा खिडकीतून रुमाल टाकून जागा धरायची, हा तिचा सहा वर्षांचा शिरस्ता. उजवीकडून ऊन येतं, म्हणून डावी बाजू; मागे हादरे बसतात, म्हणून पुढून तिसरी खिडकी. त्या दिवशी नोव्हेंबरचं धुकं होतं आणि चष्म्याच्या काचांवर वाफ धरली होती. समोर लाल पत्रा दिसला, पिवळा पट्टा दिसला. हात आपोआप उठला.

ती पायऱ्या चढून आत गेली, तर आत एकही प्रवासी नव्हता. फळ्या उखडलेल्या, ड्रायव्हरच्या जागी स्टिअरिंगच नाही. आणि तिसऱ्या खिडकीखाली, जमिनीवर मांडी घालून, एक तरुण बसलेला. हातात पेचकस, डोक्यावर तिचा रुमाल.

"सीट पक्की तुमचीच," तो रुमाल न काढताच म्हणाला. "पण गाडी सुटायले तीन महिने लागतीन. बसता का?"

"ही... वर्धा नाही?"

"होती ना. नव्वद सालापर्यंत."

मयुरीचे कान तापले. "माझी अशी चूक कधी होत नाही," ती म्हणाली. "मी माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत आहे."

"मंग बराबर हाय. इथं मातीच माती हाय."

ती हसणार, एवढ्यात बाहेर घंटी दोनदा वाजली. खरी वर्ध्याची गाडी फलाटावरून निघाली होती. धावत जाऊन तिने ती कशीबशी पकडली आणि पार सेवाग्रामपर्यंत उभी राहिली. रुमाल मागेच राहिला होता, हे तिला उतरताना आठवलं.

त्याचं नाव रजत. घर पुलगावला, नोकरी नागपूरच्या एसटी वर्कशॉपमध्ये. डेपोच्या मागच्या बाभळीखाली पस्तीस वर्षं पडून असलेली ही जुनी गाडी चार नंबरच्या फलाटावर आणून पुन्हा चालती करायची आणि नागपूरच्या कायमच्या प्रदर्शनात नेऊन उभी करायची, एवढ्यासाठी तो आला होता. हे सगळं तिला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी ती रुमाल मागायला गेली.

"धुतला नाई अजून," तो म्हणाला. "उद्या या."

उद्याही तो धुतलेला नव्हता. परवाही नाही. आठवडाभरात मयुरी घरून चाळीस मिनिटं आधी निघू लागली, आणि रुमालाचं नाव दोघांनीही काढेनासं झालं.

त्या चाळीस मिनिटांत चहा होई. स्टँडची जुनी इमारत एका टोकाला गोल होती, जहाजाच्या नाकासारखी, आणि त्या गोलाईत कँटीन होतं. भिंतीवरून तीन आडव्या पट्ट्या अशा वळत गेलेल्या, की इमारत आत्ता सुटेल असं वाटावं.

"मला एक कळत नाही," मयुरी एकदा म्हणाली. "वाऱ्याचा अडथळा कमी व्हावा म्हणून गाडीला गोलाई देतात. इमारतीला कशाला? ती कुठे चालली आहे?"

रजतने बशीत चहा ओतला. "दिवसभर सगळ्यायले जाताना पाहते ना बिचारी. तिले वाटत असन... एखाद्या दिवशी आपणही जाऊ."

मयुरी त्याच्या बोटांकडे पाहत राहिली. नखांच्या कडेला लाल रंग होता.

गाडी हळूहळू भरत गेली. हेडलाइट पुलगावच्या भंगारात सापडले. मागची लांब सीट आंजीच्या एका चहावाल्याकडे निघाली. तीस वर्षं गिऱ्हाइकं तिच्यावर बसून चहा पीत होती. मयुरी यादी ठेवी आणि सापडेल त्यावर बारीक टिकमार्क करी. एकच गोष्ट रजतच्या मनासारखी होत नव्हती. तिसऱ्या खिडकीची काच तो बसवी, काढी, पुन्हा बसवी; एकेका खेपेला तीन दिवस जात.

जानेवारीत यादीत एकच ओळ उरली.

"घंटी," रजत म्हणाला. "कंडक्टरची. पितळी होती, काठावर गाडीचा नंबर कोरलेला. चोवीस-एकोणसत्तर. ते लागली का झालं काम. दोन दिवसांत नागपूर." मग जरा थांबून म्हणाला, "तुमचे बाबा कंडक्टर होते ना? त्यायले विचारता का?"

"विचारते," मयुरी म्हणाली.

विचारण्यासारखं काही नव्हतंच. चोवीस-एकोणसत्तरची घंटी तिच्या जन्माआधीपासून त्यांच्या फाटकावर टांगलेली होती. गाडी मोडीत निघाली तेव्हा डेपोच्या लोकांनी ती तिच्या बाबांना, नत्थूजींना दिली होती. फाटकाबाहेर दोरी लोंबे. पाहुण्याने एकदा ओढली, की नत्थूजी आतून ओरडत, "थांबलो! उतरा!" आणि कोणी चुकून दोनदा ओढली तर, "जाऊ द्याऽऽ!" एक घंटी म्हणजे थांब, दोन म्हणजे चल. मयुरी हे अक्षरांच्या आधी शिकली होती.

दुसऱ्या दिवशी तिने सांगितलं, "बाबांना आठवत नाही म्हणाले."

मातीचा सामू दोन दशांशांपर्यंत लिहिणाऱ्या मुलीने हे एवढं सरळ खोटं सांगितलं आणि चहात साखर ढवळत बसली. नागपूर काही लांब नव्हतं. पंच्याहत्तर किलोमीटर, तासाला गाडी. अडचण अंतराची नव्हती, कारणाची होती. ही गाडी गेली, की सकाळच्या त्या चाळीस मिनिटांना काही कारणच उरणार नव्हतं. आणि तो कारणाशिवाय येईल का, हे तिला कोणत्याही परीक्षणातून कळणार नव्हतं.

रविवारी दुपारी फाटकाची घंटी एकदा वाजली.

"थांबलो! उतरा!" आतून नत्थूजी.

मयुरी दाराशी आली आणि तिथेच थबकली. रजत उभा होता. एका हातात तिचा डबा, शुक्रवारी गाडीत राहिलेला. दुसऱ्या हातात दोरी. मान वर, नजर घंटीच्या काठावर. तो आकडे वाचत होता... सावकाश, एकेक.

"तो गाडीवाला पोरगा तूच का?" नत्थूजी चपला घालत बाहेर आले. "अरे, मंग हे घंटी तुले पाह्यजे असन! माह्याच गाडीची हाय. काऊन वो मयुरे, तू याले सांगतलं नाई?"

रजतने तिच्याकडे पाहिलं. क्षणभरच.

"सांगतलं होतं काकाजी मॅडमनं," तो म्हणाला. "मीच विसरलो."

नत्थूजींनी तिथल्या तिथे पेचकस आणला. घंटी उतरवून फडक्यात गुंडाळताना त्यांनी ती दोनदा कुरवाळली. ते आत पाणी आणायला गेले, तेव्हा रजत हळूच म्हणाला, "काऊन?"

"घंटी लागली, की गाडी जाणार," मयुरी जमिनीकडे बघत म्हणाली.

"हो."

"म्हणून."

त्याचे कान गाडीच्या रंगाचे झाले. पाणी पिऊन, नत्थूजींच्या पाया पडून तो गेला. फाटकावर नुसती दोरी हलत राहिली.

पुढचे दोन दिवस मयुरी थेट वर्ध्याच्या गाडीत बसली. चार नंबरच्या फलाटाकडे पाहिलंही नाही. 'म्हणून' हा एक शब्द आपण जास्तीचा बोललो, असं तिला वाटत होतं. परत तर घेता येत नव्हता.

बुधवारी गाडी निघायची होती. नत्थूजींना मानाचं बोलावणं होतं; त्यांनी जुना खाकी कोट घातला आणि लेकीला सुट्टी घ्यायला लावली. "माह्यासंगं कोणी नको का?" म्हणाले.

स्टँडवर झेंडूची तोरणं होती. गोल टोकावरच्या तीन पट्ट्यांना नवा रंग दिला होता. गाडी अशी लकाकत होती, की लोक तिच्या पत्र्यात पाहून भांग पाडत होते. आत पाय ठेवायला जागा नव्हती. साहेब, शाळेची पोरं, म्हातारे ड्रायव्हर, सगळे बसलेले. एकच सीट रिकामी होती. पुढून तिसरी, डाव्या बाजूची. तिच्यावर धुतलेला, इस्त्री केलेला एक रुमाल ठेवला होता.

"कोणाची हाय वो ही जागा?" कोणीतरी विचारलं.

"हाय एकीची," दाराजवळून रजत म्हणाला. त्याने वर पाहिलं नाही.

मयुरी जाऊन बसली. रुमालाला साबणाचा वास होता आणि एका कोपऱ्यात लाल रंगाचा ठिपका, न निघालेला. नत्थूजींनी गाडीभर नजर फिरवली, रुमालाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं आणि दोरीचं टोक लेकीच्या हातात दिलं. "तूच मार डबल. माह्या हाताले आता कापरं हाय."

इंजीन गुरगुरलं. ड्रायव्हरने गियर टाकला. मयुरीने दोरी ओढली.

एकदाच.

गाडी जागीच थांबून राहिली. सगळे तिच्याकडे बघू लागले. रजत वाट काढत तिच्याजवळ आला.

"मॅडम... एक म्हंजे थांब."

"मले माहीत हाय," मयुरी म्हणाली. नजर हलली नाही. "कंडक्टरची पोरगी हाव मी."

एक म्हातारा ड्रायव्हर उगाच खोकला.

"थांबलो," रजत हळू म्हणाला. "तशीही ही खिडकी मी पाच वेळा खोलली. काच पहिल्या दिवशीच बराबर बसली होती."

मयुरीने हिशेब केला. पाच वेळा, दर वेळी तीन दिवस. म्हणजे पंधरा दिवस त्यानेही...

"लबाड," ती म्हणाली.

"तुमी नाई?" तो हसला. "आता गाडी नसन तिथं. मी एकटाच यीन, दर रविवारी. चालन?"

मयुरीने रुमाल उचलून मांडीवर घेतला आणि खिडकीकडे सरकली. शेजारी एका माणसापुरती जागा झाली. रजत बसला.

तेवढ्यात दोघांच्या डोक्यावरून एक हात दोरीपर्यंत पोचला. कापरं म्हणायला त्याला अजिबात नव्हतं. घंटी खणखणीत वाजली. एक... दोन.

"जाऊ द्याऽऽ!" नत्थूजी ओरडले.