गुडघ्याला गाणं ऐकू येत नाही

"मी आईंचं नाव स्पर्धेतून काढून आले."

सुनेने हे दारातच, चपला न काढता सांगितलं. कारण आत येऊन, बसून, घोटभर पाणी पिऊन सांगू असं म्हटलं असतं, तर तिच्या तोंडून शब्दच फुटला नसता... नवरा तेव्हा आईसाठी पाण्याची बाटली भरत होता. बाटली भरली, पाणी त्याच्या हातावरून फरशीवर वाहायला लागलं, तरी नळ बंद करायचं त्याला सुचेना.

"काय केलंस?"

"आज त्या धावणार नाहीत, असं मैदानावर सांगून आले. आता पुन्हा नाव घेणार नाहीत ते."

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

हे मात्र खोटं होतं! आणि हे एकच खोटं नीट बोलता यावं म्हणून ती मैदानापासून घरापर्यंतच्या वाटेवर ते मनातल्या मनात घोकत आली होती.

आईची शर्यत बघायला नणंद पहाटेच्या गाडीने आली होती. कॅमेरा गळ्यात, केस नीट विंचरलेले, टाळ्या वाजवायची सगळी तयारी झालेली. ती ताडकन उठली.

"बघ दादा, मी म्हणत नव्हते? हिला पहिल्यापासून बघवत नाही! आईचा फोटो पेपरात आला तेव्हा हिचं तोंड पाहिलं होतंस? का गं वहिनी, तुला जिना चढताना धाप लागते म्हणून दुसऱ्याने पळायचंच नाही?"

सुनेने फडकं घेतलं आणि ती ओली फरशी पुसू लागली. आतल्या खोलीचं दार अर्धवट लोटलेलं होतं. त्या दाराआड सासूबाई बसलेल्या आहेत, त्यांना शब्द न् शब्द ऐकू येतो आहे, हे तिला ठाऊक होतं. बाहेर येऊ नका, असं तिनेच तर त्यांना बजावलं होतं...

या सगळ्याची सुरुवात एका सिनेमापासून झाली होती. सासरे गेल्यापासून सासूबाई खिडकीत बसून असत. कोण आलं, कोण गेलं, एवढंच बघत. जेवायला हाक मारली की येत, नाही मारली तर येतही नसत. म्हणून सुनेनेच हट्टाने त्यांना तो सिनेमा दाखवायला नेलं. पन्नाशी उलटलेली एक धुणेवाली धावायला शिकते, आधी सारा गाव हसतो, मग तोच गाव उभा राहून टाळ्या वाजवतो, अशी ती गोष्ट. अंधारात दोघी एकाच रुमालात रडल्या होत्या! आणि बाहेर उजेडात आल्यावर सासूबाई तिचा दंड धरून म्हणाल्या होत्या, "अगं, ती माझ्याच वयाची होती की!"

दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मुलाचे जुने बूट घालून घराबाहेर पडल्या. आधी चालल्या, मग भरभर चालल्या, मग एक दिवस चक्क धावल्या. त्यांना भूक लागायला लागली, त्या दुकानदाराशी वजनावरून भांडायला लागल्या, त्यांना हसू यायला लागलं. सून बटणं लावायच्या कारखान्यात काम करी. तिने जास्तीचं काम मागून घेतलं आणि सासूबाईंना नवे बूट आणले. वडीलधाऱ्यांच्या शर्यतीत त्यांचा तिसरा नंबर आला, त्या दिवशी सगळी गल्ली दारात उभी होती. सिनेमाला नावं ठेवावीत असं सुनेला कधी वाटलंच नाही. बसलेलं माणूस उठवलं होतं त्याने!

पण त्याच सुमारास नवऱ्याचा छापखाना बंद पडला. "सध्या काय करता?" असं कुणी विचारलं की तो खाली बघे. मग एक दिवस त्याने गळ्यात शिट्टी अडकवली, आणि त्या प्रश्नाला उत्तर मिळालं: "आईची तयारी करून घेतोय." तो सिनेमा त्याने इतक्यांदा पाहिला की त्यातली वाक्यं त्याच्या तोंडी बसली. सासूबाईंचा गुडघा सुजला तेव्हा तो हरखूनच गेला. "त्या बाईलाही असंच झालं होतं, आई! शेवटच्या शर्यतीच्या आधीच! आता मागे वळून बघायचं नाही."

सून रोज संध्याकाळी त्या गुडघ्याला तेल लावी. सूज उतरत नव्हती, आणि सासूबाई दात आवळून म्हणत, "काही नाही गं, थोडंसंच." काल कारखान्यातून लवकर परत येऊन ती त्यांना परस्पर डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टर म्हणाले, "चाला, हवं तेवढं चाला. धावलात तर मात्र हा गुडघा कायमचा जाईल."

येताना सासूबाई रस्त्याकडेच्या बाकावर मटकन बसल्या.

"त्याला कसं सांगू गं? तो माझ्याकडे बघतो ना, तेव्हा त्याला मी दिसतच नाही. त्याला ती पडद्यावरची बाई दिसते. आणि तिला थकायची परवानगी नाही! त्याच्या हातात दुसरं आहे तरी काय... धावते मी उद्या. जायचा तर जाऊ दे गुडघा."

"तुम्ही धावणार नाही," सून म्हणाली, "आणि सांगणारही नाही. मी बघते काय ते. तुम्ही फक्त मूग गिळून बसा."

आणि भेदरलेलं मूल मोठ्या माणसाच्या पाठीमागे लपतं, तशा सासूबाई मान हलवून गप्प झाल्या होत्या.

आता मात्र नवरा तिच्यासमोर उभा होता. त्याचा आवाज चढला नाही. तो चढला असता तर बरं झालं असतं.

"आजपासून आईच्या पायाला तू हात लावायचा नाहीस. तेल मी लावीन."

तिच्या हातातलं फडकं तसंच राहिलं. एक वाक्य! एक वाक्य बोललं असतं तर ती सुटली असती... पण मग सासूबाई साऱ्यांच्या डोळ्यांदेखत हरल्या असत्या. ती उठून स्वयंपाकघरात गेली. घासलेली भांडी पुन्हा घासली. डबे खाली काढले, पुसले, वर ठेवले, आणि एक उलटा लागला म्हणून पुन्हा सगळे खाली काढले.

तिची मुलगी, चिमणी, उंबऱ्यात येऊन उभी राहिली.

"आई, सिनेमातल्या आजीचा पाय दुखत होता, तरी ती पळाली ना? मग आपली आजी का नाही पळणार?"

सून तिच्यासमोर खाली बसली. तिला रागवावंसं वाटलं नाही. पोरीचा प्रश्न खरा होता.

"सिनेमातल्या आजीचा पाय कधी थांबला दुखायचा?"

चिमणीने आठवून सांगितलं, "गाणं लागल्यावर."

"हं. खऱ्या गुडघ्याला गाणं ऐकू येत नाही, बाळा."

"मग सिनेमा खोटा?"

"खोटा नाही गं. त्या आजीला पदक मिळालं आणि सिनेमा संपला. दुसऱ्या दिवशी ती जिना कशी उतरली, ते दाखवायचं राहून गेलं, एवढंच."

आतलं दार करकरलं. भिंतीला धरून, एक पाय ओढत सासूबाई बाहेर आल्या. त्या मुलासमोर गेल्या नाहीत. स्वयंपाकघराच्या दारात, सुनेच्या बाजूला येऊन उभ्या राहिल्या.

"तिने नाही काढलं नाव. मी काढायला लावलं."

"आई, तुम्ही आत..." सून कळवळली.

"तू गप्प बस! कालपासून माझ्या वाटचं तूच बोलतेयस." त्या मुलाकडे वळल्या. "डॉक्टरांनी धावू नको म्हणून सांगितलंय. ते तुला सांगायची मला भीती वाटली. माझ्या पोटच्या पोराची भीती! आणि मी दाराआड बसून हिला शिव्या खाऊ दिल्या. मी थकले रे... मला थकू दे."

नणंदेने कॅमेरा गळ्यातून काढला आणि कुठे ठेवावा ते न कळून हातातच धरून ठेवला. नवरा मात्र जागेवरच खाली बसला, तोंड दोन्ही हातांत झाकून.

"मला वाटलं, निदान एवढं तरी माझ्या हातून नीट होतंय..." त्याचा आवाज फाटला. "आई, तू मला आधी का नाही सांगितलंस? आणि तू... तू तरी! मी एवढं बोललो, तरी ऐकून घेतलंस?"

"तुम्ही माझ्यावर चिडलात ते चाललं," सून म्हणाली. "आईंवर चिडला असतात, तर त्या पुन्हा खिडकीत जाऊन बसल्या असत्या."

नणंदच पहिल्यांदा पुढे झाली. "वहिनी, माझी जीभ कधी झडणार कोण जाणे," म्हणत तिने सुनेला हाताला धरून उठवलं आणि खुर्चीत बसवलं. नवऱ्याने चहा टाकला. किती पाणी, किती साखर, काहीच कळेना, म्हणून तो आईला विचारू लागला; आई दारातूनच त्याला सांगू लागली, आणि सांगता सांगता त्याला "अरे गाढवा, दूध उतू जातंय!" म्हणून ओरडली, तेव्हा चिमणी खुदकन हसली, आणि मग सगळेच, डोळे पुसता पुसता, हसले...

तो चहाचा कप घेऊन खुर्चीपाशी आला. "माझं चुकलं," असं त्याला म्हणायचं होतं. त्याने ते दोनदा मनात जुळवलंही होतं.

पण भर सकाळी, घरात इतकी माणसं जागी असताना, मान एका बाजूला टाकून ती गाढ झोपली होती. सासूबाईंनी ओठांवर बोट ठेवलं, आणि कप हातात धरून तो तिथेच, आवाज न करता, तिच्या जागं होण्याची वाट बघत उभा राहिला.